परिदृश्य : गिऱ्हाईक अवेळी येते

सॉफ्टवेअरच्या जगात क्युकंबर नावाचं एक अवजार आहे आणि त्याला मराठी येतं. हिंजवडीत टेस्टर म्हणून बरीच वर्षं पोट भरणारा माणूस या नात्याने मी हे शपथेवर सांगायला तयार आहे. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. पुण्यात ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य चालत आली असल्यामुळे आमच्या घरात हा व्यवसाय सुरुवातीला कुणाला खराच वाटला नाही. "नुसत्या चुका काढायच्या? आणि त्याचे पैसे देतात?" असं आत्याने विचारलं होतं. मी हो म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. आपलं सगळं आयुष्य फुकट गेलं, असा भाव तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

तर क्युकंबर. प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या, म्हणजे टेस्ट, पूर्वी प्रोग्रॅमच्याच भाषेत लिहायच्या. महिरपी कंस आणि अर्धविरामांची ती गर्दी लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कळत नसे. थॉटवर्क्स कंपनीत काम करणाऱ्या डॅन नॉर्थ या इंग्रज गृहस्थाला २००३च्या सुमारास वाटलं, की हेच साध्या वाक्यांत का लिहू नये? परिस्थिती अशी अशी आहे, जेव्हा अमुक घडतं, तेव्हा तमुक व्हायला हवं. बास. २००६ साली त्याने लेख लिहून ही पद्धत मांडली आणि २००८ साली अस्लाक हेलेसॉय या नॉर्वेच्या प्रोग्रॅमरने तिच्यासाठी क्युकंबर तयार केलं. नाव त्याच्या होणाऱ्या बायकोने सुचवलं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नसावी. चाचण्या ज्या भाषेत लिहायच्या तिचं नाव गर्किन, म्हणजे लोणच्यात घालतात ती बोटभर काकडी. मग ही साथ पसरली. पायथॉनवाल्यांनी लेट्यूस आणि रॅडिश काढलं, रुबीवाल्यांनी स्पिनॅच आणि टर्निप. कामाच्या नोंदी ठेवायला सगळ्यांकडे जिरा होतंच. आमची मीटिंग चालू असताना दाराबाहेरून जाणाऱ्याला आत कोशिंबिरीची तयारी चालली आहे असं वाटलं, तर त्यात त्याची चूक नाही.

या गर्किनला सत्तरहून अधिक भाषा येतात. येतात म्हणजे प्रत्येक भाषेतल्या डझन-दीड डझन शब्दांची एक यादी तिच्यापाशी असते. मराठीच्या यादीत मथळ्यांसाठी वैशिष्ट्य किंवा सुविधा, पार्श्वभूमी, नियम, परिदृश्य, परिदृश्य रूपरेखा आणि उदाहरण हे शब्द आहेत. वाक्याच्या तोंडी घालायला जर, दिलेल्या प्रमाणे, जेव्हा, मग, तेव्हा, आणि, तसेच, पण, परंतु. परिदृश्य हा शब्द मी हयातीत कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. हिंदीच्या यादीतही तोच आहे, तेव्हा शेजारून उसना आणला असावा. बाकी शब्द घरचे. एकच गोष्ट डोळ्यांत खुपते. यादीत जर आहे, तर नाही. मराठी माणसाने जर म्हटलं की ऐकणारा तरसाठी कान टवकारून बसतो. इथे मग येतो आणि वेळ मारून नेतो.

या शब्दांत टेस्ट कशी लिहितात ते एकदा दाखवतो.

सुविधा: दुपारची विश्रांती
परिदृश्य: गिऱ्हाईक अवेळी येते
जर दुकान पुण्यात आहे
आणि घड्याळात १ वाजून १ मिनिट झाले आहे
जेव्हा गिऱ्हाईक पाव किलो बाकरवडी मागते
मग शटर खाली येते
पण दुकानदार कारण सांगत नाही

वाचायला सोपं आहे. कुणालाही कळेल, अगदी साहेबालासुद्धा. ही टेस्ट पुण्यात कित्येक वर्षं हिरवी, म्हणजे पास होती. मग २०१७ साली, ज्यांच्या दुपारच्या झोपेवर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, त्या चितळे बंधूंनीच दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं. टेस्ट लाल झाली. काल जे ठरल्याप्रमाणे होत होतं ते आज होत नाही, याला आमच्या धंद्यात रिग्रेशन म्हणतात. इतर गावांत याला प्रगती म्हणत असतील.

आता कुणाला वाटेल, की एवढं मराठी लिहिलं की संगणक उठून दुकानात जातो. तसं काही होत नाही. यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी जावात किंवा पायथॉनमध्ये त्या वाक्याचा अर्थ लिहून ठेवावा लागतो. त्याला स्टेप डेफिनिशन म्हणतात. क्युकंबर तुमचं वाक्य उचलतं आणि आपल्याकडच्या वाक्यांशी पडताळून बघतं. जुळलं तर त्यामागचं काम करतं. नाही जुळलं तर 'अनडिफाइन्ड' म्हणतं आणि मोकळं होतं. आणखी गंमत म्हणजे हे जुळवताना जर, जेव्हा, मग या शब्दांकडे ते बघतसुद्धा नाही. जरच्या जागी मग लिहा, मगच्या जागी पण लिहा, त्याला सोयरसुतक नाही. ते शब्द आपल्या समाधानासाठी असतात. क्युकंबरला मराठी किती येतं, तर इतकं.

आणि अक्षरशः म्हणजे अगदी अक्षरशः. वरच्या गिऱ्हाईक या शब्दाने आमच्या टीमची एक आख्खी दुपार खाल्लेली आहे. टेस्टची वाक्यं असतात त्या फीचर फाइलीत गिऱ्हाईक, स्टेप डेफिनिशनमध्ये गिऱ्हाईक, आणि टेस्ट म्हणते की असं वाक्य मला ठाऊकच नाही. पडद्यावर दोन शब्द एकाखाली एक ठेवून चार माणसं डोळे फोडत बसली. शेवटी कळलं ते असं, की गिऱ्हाइकातला तो अर्धा, वाकडा र संगणकात एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. कुणी ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतं. कुणी साध्या र चा पाय मोडून त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून देतं. डोळ्यांना फरक शून्य, संगणकाच्या लेखी दोन अनोळखी शब्द. हा र मराठीला लागतो, कोकणीला लागतो, नेपाळीला लागतो. हिंदीला लागत नाही, त्यामुळे आमच्या नोएडाच्या सहकाऱ्यांना हा बग समजावून सांगताना सुऱ्या, पुऱ्या, दऱ्या असं काय काय लिहून दाखवावं लागलं. देवनागरीला संगणकात बसवण्याचं मोठं काम पुण्यातच, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने केलं. तेव्हा या र बद्दल तक्रार करायची तर लांब जावं लागत नाही, एवढंच समाधान. कुणीतरी तोडगा काढला, की गिऱ्हाईक काढून ग्राहक लिहा. पण ग्राहक म्हटलं की तो लगेच राजा वगैरे होतो. आमच्या परिदृश्यात ते बसत नव्हतं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर ज्याला सॉफ्टवेअर हवं आहे त्या माणसाने स्वतः वाचावं, मान डोलवावी, चूक असेल तर सांगावं, यासाठी. मूळ कल्पना अशी, की धंदा कळणारा, प्रोग्रॅम लिहिणारा आणि तपासणारा असे तिघं एकत्र बसतील, बोलतील, आणि बोलण्यातून निघालेली वाक्यं म्हणजेच टेस्ट. प्रत्यक्षात धंदा कळणारा अमेरिकेत असतो आणि तो उठतो तेव्हा आपण हिंजवडीतून निघून भूमकर चौकात अडकलेले असतो. त्यामुळे वाक्यं टेस्टर लिहितो, वाचतोही टेस्टर, आणि बिघडली की दुरुस्तही तोच करतो. साध्या भाषेत लिहिलेल्या या फाइली जगात कुणी वाचत असेल तर तो पुढच्या कंपनीत गेलेल्या टेस्टरच्या जागी आलेला नवा टेस्टर. खुद्द हेलेसॉयने २०१४ साली लेख लिहून खंत मांडली, की क्युकंबर हे माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेलं साधन आहे आणि लोक त्याला निव्वळ टेस्टिंगचं अवजार समजून बसले आहेत. तो लेखसुद्धा बहुतेक टेस्टरांनीच वाचला.

साहेब वाचेल ही आशा मात्र क्युकंबरहून जुनी आहे. ग्रेस हॉपर या बाई १९५०च्या दशकात फिलाडेल्फियाला रेमिंग्टन रँड कंपनीत होत्या. संगणकाला इंग्रजी शब्दांत हुकूम देता यावेत, ही कल्पना त्यांनी लावून धरली. वरिष्ठांना दाखवायला एक छोटा प्रोग्रॅम केला आणि बोनस म्हणून तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्द घालूनही चालवला. यंत्राला काय, यादीतला शब्द ओळखायचा एवढंच काम. वरिष्ठ हादरले. फिलाडेल्फियात जन्मलेल्या सभ्य अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन येणं शक्यच नाही, असं त्यांचं ठाम मत पडलं. इंग्रजीशिवाय दुसरं काही वापरणार नाही, हे पटवून देण्यात पुढचे काही महिने गेले. क्युकंबरची मराठी यादी म्हणजे बाईंचाच तो प्रयोग, फक्त या वेळी कुणी हादरलं नाही.

बाईंच्या त्या कामातून पुढे कोबॉल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली. १९५९ साली तिची आखणी सुरू झाली तेव्हाही आश्वासन तेच होतं. बेरीज करायची तर अधिकचं चिन्ह लिहायचं नाही, 'हे त्यात मिळव आणि उत्तर तिकडे ठेव' असं सविस्तर इंग्रजी वाक्य लिहायचं, म्हणजे मॅनेजर वाचू शकेल. वाक्य म्हटल्यावर शेवटी पूर्णविराम आलाच. हा पूर्णविराम एक ओळ आधी पडला तर अट तिथेच संपते आणि पुढची आज्ञा सगळ्यांना सरसकट लागू होते. शाळेत विरामचिन्हांचे मार्क ज्यांनी ऑप्शनला टाकले त्यांनी पुढे बँकांचे हिशेब कसे हलवले, याच्या गोष्टी वायटूकेच्या काळात अमेरिकेला जाऊन आलेल्या कुठल्याही पुणेकराकडे मिळतील. एक गोष्ट मात्र त्यांच्यापैकी कुणाकडून ऐकलेली नाही. मॅनेजरने कोबॉल वाचली, ही.

एड्सगर डाइक्स्ट्रा हे डच संगणकशास्त्रज्ञ स्वभावाने शनिवार पेठेत शोभले असते. त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक टिपण लिहून बोलीभाषेत प्रोग्रॅम लिहिण्याची कल्पनाच मूर्खपणाची ठरवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलीभाषा आपल्याला सोपी वाटते कारण तीत निरर्थक बोललेलं पटकन लक्षात येत नाही. गणिताने शब्द सोडून चिन्हं धरली तेव्हाच ते पुढे गेलं.

मला हे पटतं, पण पूर्ण पटत नाही. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून नातवाने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. म्हणजे गोष्ट आपल्याच जिल्ह्यांतली. लीलावतीत आधी नियम येतो, मग उदाहरण. नियम आणि उदाहरण हे दोन्ही शब्द गर्किनच्या मराठी यादीत आहेत. आणि उदाहरणं कसली, तर भुंगे, हंस, खांबावरचा मोर, बिळाकडे निघालेला साप. सगळं श्लोकात, तेही मुलीशी बोलत असल्यासारखं लाडिक. पण खांबाची उंची दिलेली आहे, साप बिळापासून किती लांब आहे ते दिलेलं आहे, दोघांचा वेग सारखा धरायचा हेही सांगितलेलं आहे. मोर 'थोड्या उंचीवर' बसलेला नाही. तेव्हा दोष भाषेला देता येत नाही. 'जरा', 'बघू', 'येतोच', 'दोन मिनिटांत' आणि 'झालंच समजा' हे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांनी श्लोकात लिहिलं काय किंवा चिन्हांत लिहिलं काय, यंत्र गोंधळणारच.

आता जमाना आणखी पुढे गेला. स्टेप डेफिनिशनही लिहायला नको. कृत्रिम बुद्धिमत्तेतले संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी जानेवारी २०२३मध्ये जाहीर केलं, की सध्या सगळ्यात जोरात चाललेली प्रोग्रॅमिंगची भाषा इंग्रजी आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनीच 'व्हाइब कोडिंग' हा शब्द काढला. यंत्राला तोंडी सांगायचं, ते जो कोड लिहील तो वाचायचा नाही, चालवायचा. चाललं तर आपलं, नाही चाललं तर पुन्हा सांगायचं. आणि ही यंत्रं खरोखर मराठी समजतात. यादीपुरती नाही, चांगली समजतात. माझा भाचा खराडीला असतो, तो दिवसभर यंत्राशी बोलतो आणि घरी आला की बोलत नाही.

या भाच्याला आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी पकडलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. मेंटेनन्सची बिलं आणि थकबाकीचं व्याज काढणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. "काका, तुम्ही मराठीत सांगा, हा लिहील," असं म्हणून भाच्याने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी घसा साफ केला आणि वार्षिक सभेत वाचतात त्या आवाजात सांगितलं, "जो सभासद वेळेवर मेंटेनन्स भरणार नाही, त्याला उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्के दराने सरळव्याज लागेल." यंत्राने 'तुमची सूचना अतिशय स्पष्ट आहे' असं म्हणून चहा येईपर्यंत प्रोग्रॅम तयार केला, वर त्याच्या टेस्टही लिहिल्या, आणि सगळ्या टेस्टसमोर हिरव्या खुणा. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच असला की निकाल असा शंभर टक्के लागतो.

मी सवयीप्रमाणे विचारलं, "वेळेवर म्हणजे कधी?"

"म्हणजे काय? दहा तारखेच्या आत."

"दहाला रविवार असेल तर?"

यंत्र म्हणालं, 'हा खूप महत्त्वाचा प्रश्न आहे!' आणि प्रोग्रॅम बदलला. चेक दिल्याची तारीख धरायची की वटल्याची? 'उत्तम मुद्दा!' महिन्याच्या मध्यात फ्लॅट विकला तर? 'तुम्ही अगदी बरोबर लक्षात आणून दिलंत!' दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आपण लिफ्ट वापरत नाही म्हणून लिफ्टचे पैसे वजा करून, सोबत निषेधाचं पत्र जोडून भरतात, त्यांची ती वजा रक्कम थकबाकी धरायची का? 'तुमचं निरीक्षण वाखाणण्यासारखं आहे!' इथे काका थांबले. चष्मा काढून मला हळूच म्हणाले, "हा इतकं बरोबर बरोबर का म्हणतोय? काहीतरी दडवतोय." चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत काकांना इतक्या वर्षांत एकदाही कुणी बरोबर म्हटलेलं नव्हतं. एकदम इतकी सहमती मिळाल्यावर कुठलाही अनुभवी पुणेकर खिशातलं पाकीट चाचपतो.

मग भाच्याने शहाणपणा केला. "काका, काय काय व्हायला हवं ते मी जर-जेव्हा-मग असं मराठीत लिहून घेतो, तुम्ही वाचून सही करा." क्युकंबरची फाइल तयार झाली. काकांच्या सोयीसाठी प्रिंट काढला. त्यांनी तो घरी नेला.

इथे मला जरा थांबलं पाहिजे. डॅन नॉर्थ यांना २००३ साली पडलेलं स्वप्न, जे मी हिंजवडीतल्या एकाही प्रोजेक्टवर खरं होताना पाहिलं नाही, ते कोथरूडमध्ये खरं झालं होतं. ज्याला सॉफ्टवेअर हवं त्या माणसाने फीचर फाइल वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, लाल पेन घेऊन. आणि शुद्धलेखन तपासलं.

'दिलेल्या प्रमाणे' हे जोडून हवं. 'तारिख' मधली रि दीर्घ. 'मेंटेनन्स' या शब्दाखाली रेघ, समासात 'देखभाल शुल्क?' असं प्रश्नचिन्हासह. 'सभासदानी'च्या डोक्यावर अनुस्वार. एके ठिकाणी 'भरले नाही तर' खोडून 'न भरल्यास'. भाच्याने मुकाट्याने सगळ्या दुरुस्त्या केल्या आणि टेस्ट चालवल्या. एकही वाक्य आता स्टेप डेफिनिशनमधल्या वाक्याशी जुळत नव्हतं, त्यामुळे अख्खी फाइल अनडिफाइन्ड. 'दिलेल्याप्रमाणे' जोडून लिहिल्यावर तर ते वाक्य आहे हेच क्युकंबरला कळेना, कारण त्याच्या यादीत ते तोडून आहे. "चुकीचं लिहिलं होतं तेव्हा चालत होतं, बरोबर लिहिलं तर बंद पडलं," असा अहवाल भाच्याने दिला. काका म्हणाले, "मग यंत्राचं चुकतंय." व्याकरणाच्या बाजूने बघितलं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण लाल पेनाच्या शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती. 'तीनशे दोननी मार्चमध्ये चुकून दोनदा भरले होते. त्यांचे काय?' जास्त पैसे भरणारा सभासद ही शक्यता यंत्राला सुचली नव्हती, भाच्याला सुचली नव्हती आणि इतकी वर्षं खोट काढून पगार घेणाऱ्या मलाही सुचली नव्हती. चालवून बघितलं. प्रोग्रॅमने जादा भरलेल्या रकमेला उणे थकबाकी मानलं आणि त्या उणे थकबाकीवर २१ टक्क्यांनी उणे व्याज लावलं. म्हणजे सोसायटीच तीनशे दोनला व्याज देणं लागत होती, आणि तेही अशा दराने, की शहरातली कुठलीही बँक मुदत ठेवीवर त्याच्या जवळपास येणार नाही. ही बातमी फुटली असती तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी निषेधाचं पत्र मागे घेऊन पुढच्या दहा वर्षांचा लिफ्टचा आकार एकरकमी भरला असता.

माझं यावर एक मत बनलं आहे आणि ते धंद्याच्या हिताचं नाही. यंत्राला मराठी येण्याने फारसं काही बदललेलं नाही. काम ज्या माणसावर अडतं तो माणूस तोच आहे, 'आणि तसं झालं नाही तर?' असं विचारणारा. पुणेरी पाट्यांवर इतकं लिहून झालं आहे की त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण टेस्टरच्या नजरेने बघितलं तर प्रत्येक पाटी ही जुन्या बगवर लिहिलेली टेस्ट असते. 'बेल एकदाच वाजवावी, ती ऐकू येते' असं लिहिलेलं दिसलं की समजावं, कधीतरी कुणीतरी ती तीनदा वाजवलेली आहे. पाटी लावणारा ते विसरलेला नाही आणि दुसऱ्या कुणाला विसरू देणार नाही. हा गुण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकवत नाहीत. कंपन्यांनी तो हिंजवडीत शोधण्याऐवजी सोसायट्यांच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत बसून शोधावा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याच्या वेळी जो हात वर करतो, त्याला तिथेच ऑफर लेटर द्यावं.

जाता जाता एक काम राहिलं आहे आणि ते वाचकांवर सोपवतो. गर्किनच्या भाषांच्या यादीत चाच्यांची इंग्रजी आहे, तीत 'जेव्हा'ला 'ब्लायमी' म्हणतात. ऑस्ट्रेलियन बोली आहे, लिव्हरपूलची बोली आहे, लोलकॅट नावाची मांजरांची इंग्रजी आहे, अस्तित्वात नसलेल्या ग्रहावरची क्लिंगॉन आहे, नुसत्या इमोजीही आहेत. मराठीला मात्र एकच यादी, आणि तीही प्रमाण. कोल्हापूरकरांनी सुविधा काढून तिथे 'विषय' घालावा, तिथल्या लोकांना ते पहिल्या ओळीत कळेल. वऱ्हाडाला 'मंग' हवा, मालवणला 'मगे'. पुण्यासाठी मी मसुदा तयार ठेवला आहे. सुविधेच्या जागी 'सूचना', जरच्या जागी 'हे तुम्हाला ठाऊक असेलच की', जेव्हाच्या जागी 'एवढं सांगूनही', मगच्या जागी 'त्यास व्यवस्थापन जबाबदार नाही'. गर्किनची यादी गिटहबवर एका उघड्या फाइलीत आहे, कुणालाही बदल सुचवता येतो, अर्जाला फी नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी निदान तेवढा तर घालून घ्यावा, जर किती दिवस एकटा राहणार? मात्र एक लक्षात ठेवा. फाइल कितीही शुद्ध मराठीत लिहिली, तरी ती मराठीत आहे हे क्युकंबरला सांगणारी सगळ्यात वरची ओळ रोमन लिपीत, इंग्रजीतच लिहावी लागते.